हिशेबाची उमेदवारी



गुऱ्हाळावर नवा पोरगा कामाला राहिला, तर पहिल्याच दिवशी त्याच्या हाती कोणी काहिलीतला पाक देत नाही. आधी चुलवाणाला चिपाड घालायचे, मळी काढताना शेजारी उभे राहून बघायचे. असा एखादा हंगाम गेला, की गुळव्या त्याला जवळ बोलावून विचारतो, "बघ रं, पाक आला का?" पुस्तक वाचून कोणी गुळव्या होत नाही.

हिशेब तपासणाऱ्याचेही तसेच आहे. डॉक्टर कसा होतो, मास्तर कसा होतो, हे आपल्या गावांत सर्वांना ठाऊक असते. पण सनदी लेखापाल, म्हणजे आपण ज्याला सी.ए. म्हणतो, तो कसा घडतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याला परीक्षा तर द्याव्या लागतातच, पण जोडीला एखाद्या सनदी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारीही करावी लागते. ती उमेदवारी मी केली. २०२३ साली सुरू केली आणि २०२५ मध्ये संपवली. शेवटची परीक्षा अजून व्हायची आहे, म्हणून मी स्वतःला सी.ए. म्हणवून घेत नाही. पण तुमच्यापैकी कुणाची मुलगी किंवा मुलगा वाणिज्य शाखेला असेल आणि पुढे काय, असा घोर तुम्हाला लागला असेल, तर माझा अनुभव तुमच्या उपयोगी पडावा. आणि मुले शिकत नसली, तरी तुम्ही सोसायटीचे सभासद असालच. म्हणून हे लिहीत आहे.

मी बिद्रीजवळच्या एका वाडीतली. बिद्री म्हटले की दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आठवतो. इथल्या महाविद्यालयाचे नावही दूधसाखर महाविद्यालय. आमच्या भागाचे दोन्ही धंदे त्या एका नावात आले. आमच्या घरीही तेच, थोडा ऊस आणि दोन म्हशी. दर दहा दिवसांनी दूधबिल, हंगामात ऊसबिल, आणि अधल्यामधल्या दिवसांत उधारी. आबा सगळे कागद पत्र्याच्या डब्यात टाकत. तो डबा भरला की दुसरा आणीत. कागद वाचून बघावा, असे मात्र घरात कधी कुणाला वाटले नव्हते.

ही उमेदवारी म्हणजे काय?

आपल्या देशात सनदी लेखापालांचा कायदा १९४९ साली झाला आणि त्याच वर्षी १ जुलैला त्यांची संस्था उभी राहिली. त्याही आधी, १९१८ पासून, मुंबई सरकार हिशेबाची सरकारी पदविका देत असे. पद्धत मूळची विलायतेतली. तिकडे जुन्या काळी शिकाऊ मुलाच्या बापालाच मालकाला पैसे मोजावे लागत, तेव्हा पोराला काम शिकायला मिळे. आता उलटे आहे. शिकणाऱ्याला दरमहा विद्यावेतन मिळते. ते किमान किती असावे हे संस्थेने ठरवून दिलेले आहे. पण पगार म्हणावा एवढे ते नसते.

वाट अशी आहे. बारावीनंतर पहिली प्रवेश परीक्षा, तिचे चार विषय. मग मधली परीक्षा, तिचे दोन गट आणि सहा विषय. दोन्ही गट सुटले की उमेदवारी. पूर्वी ती तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासून नव्या नियमाने दोन वर्षांची झाली. ती संपल्यावर सहा महिने अभ्यास करायचा आणि मग शेवटची परीक्षा, तिलाही सहा विषय. मधल्या आणि शेवटच्या परीक्षेत प्रत्येक विषयात किमान ४० गुण हवेत आणि गटाची सरासरी ५० टक्के हवी. एका विषयात ३९ पडले तर गट सुटत नाही. मधल्या परीक्षेत माझे पहिल्या वेळी नेमके तसेच झाले. चार दिवस मी घरात कुणाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "मी सांगतो ऐक. एक लावण वाळली म्हणून कुणी रान इकत न्हाई. परत लाव." मी परत लावली.

पदवीचे शिक्षणही जोडीने चालते. मी बी.कॉम. दूरशिक्षणाने करीत होते. दिवसा ऑफिस, रात्री पदवीची पुस्तके, रविवारी दोन्ही. हाताने काम आणि डोक्याने पदवी, अशी जोडी आता अनेक देशांत रुळते आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून नोकरी करीत पदवी मिळवण्याची योजना आहे आणि तिच्यात हिशेबाचा विषयही शिकता येतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने शिकाऊ उमेदवारी पदवीतच गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे २०२५ मध्ये काढली. पण सनदी लेखापालांच्या ऑफिसात ही चाल फार जुनी आहे.

पहिले सहा महिने

कोल्हापुरातल्या एका सनदी लेखापालांकडे मी रुजू झाले. आम्ही त्यांना सर म्हणत असू. सकाळी गारगोटी रस्त्याने येणारी एसटी पकडायची, कळंब्याचा तलाव दिसला की शहर आले असे समजायचे. उन्हाळ्यात कामाची घाई असली की एका खोलीत तिघी मैत्रिणी मिळून राहत होतो. विद्यावेतन पास, डबा आणि खोलीभाडे यांतच संपे. उलट महिन्याच्या शेवटी आबांकडून थोडे मागावे लागे. माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणी तोवर पतसंस्थेत कारकून म्हणून लागल्या होत्या आणि घरी पैसे देत होत्या. भावकीत बोलणे व्हायचे, "एवढं शिकून पोरगी अजून घरातनंच पैसे नेती."

कामही प्रथम फार हलके वाटे. पावत्यांचे गठ्ठे लावायचे, प्रत्येक पावती रोजकीर्दीतल्या नोंदीशी ताडून बरोबरची खूण करायची. व्हाउचरवर सही आहे का, तारीख आहे का, खर्चाला मंजुरी आहे का, हे बघायचे. दिवसाला दोन-तीनशे पावत्या. संध्याकाळी डोळ्यांपुढे आकडे नाचत.

एकदा एका गावच्या दूध संस्थेत मला रोख शिल्लक तपासायला पाठवले. तिथले सेक्रेटरी वयस्कर होते. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "रोख पेटीत हाय ताई, पुस्तकात हाय तेवढीच. लिवा." मी लिहिले. दुसऱ्या दिवशी सरांनी कागद बघून एकच विचारले, "मोजली?" मी गप्प. "मग हे तुझ्या डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. परत जा." पुन्हा एसटी, पुन्हा ते गाव. मी एकेक नोट मोजली, चिल्लरही मोजली. रक्कम पैशासकट बरोबर होती. मला फार ओशाळे वाटले, कारण सेक्रेटरी प्रामाणिक होते. पण तेच मला म्हणाले, "मोजलंसा ते बरं झालं. आता कुणी माझ्यावर बोट दाखवंल, तर मी तुमचा कागद दाखवीन." मोजणी ही संशयापोटी नसते, प्रामाणिक माणसालाही तिचा आधार असतो, हे मला त्या दिवशी कळले.

तेरीज जुळली, पण...

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते.

उमेदवारीच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही एका गावच्या विकास सेवा सोसायटीचा हिशेब तपासत होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. सहकारी संस्थेचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि कायद्याप्रमाणे चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर, तपासणी पुरी व्हावी लागते. त्यामुळे मे-जून हे आमचे सुगीचे दिवस.

सभासदांच्या कर्जखात्यांची तेरीज माझ्याकडे होती. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर मांडून केलेली बेरीज. जमेची बाजू आणि नावेची बाजू, दोन्ही पारडी सारखी आली पाहिजेत. ती आली. एका रुपयाचा फरक नाही. मी खुशीत खाली खूण केली आणि कागद सरांपुढे ठेवला.

सर म्हणाले, "छान. आता यादीतले वीस सभासद निवड आणि त्यांच्या घरी जाऊन पासबुके बघून ये."

मला राग आला. तेरीज जुळली असताना उन्हातून दारोदार कशाला फिरायचे? पण सांगितलेले काम, म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी एका मावशींच्या दारात पोहोचले. नवरा जाऊन काही वर्षे झालेली, रान थोडेच, ऊस कारखान्याला जाणारा. माझ्या कागदावर त्यांच्या नावे पीककर्जाची सगळी बाकी दिसत होती. मी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "कसली बाकी, पोरी? माझं कर्ज फिटलंय. बिलातनं कापून घेतलंय." आणि देवाच्या फोटोमागून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ऊसबिलाचा कागद काढला. त्यावर वसुलीची रक्कम स्पष्ट होती. तारीख फेब्रुवारीची होती.

मी तो कागद घेऊन सोसायटीत परत आले. रक्कम आली होती का? आली होती. रोजकीर्दीला जमा होती का? होती. मग गेली कुठे? खतावणी चाळता चाळता सापडली. त्याच गावात त्याच नावाची, नवऱ्याचे नावही तेच आणि आडनावही तेच, अशी दुसरी एक सभासद होती. रक्कम तिच्या खात्याला चढली होती. कोणी एक पैसा खाल्ला नव्हता. लिहिणाऱ्याने नाव बघितले, सभासद क्रमांक बघितला नाही.

आता बघा, एकीची बाकी तेवढ्याने जास्त आणि दुसरीची तेवढ्याने कमी. दोन्ही मिळून बेरीज तीच. म्हणूनच तेरीज जुळली. चूक असूनही जुळली. पोत्यांची संख्या बरोबर भरली म्हणून ज्याचे पोते त्याच्याच घरी गेले असे होत नाही, तशातली ही गोष्ट.

यात त्या मावशींचे काय जाणार होते, तेही ऐका. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, की केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला ते शून्य टक्के व्याजाने पडते. मुदत ३० जून. आम्ही त्या गावात होतो तो जूनचा दुसरा आठवडा. पंधरा-वीस दिवस गेले असते, तर कर्ज फेडूनही त्या पुस्तकात थकबाकीदार ठरल्या असत्या. सवलत गेली असती, व्याज चढले असते आणि नवे कर्जही अडले असते. नंतर दुरुस्ती झालीही असती, पण किती हेलपाटे घालून? आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचे म्हणणे कोण किती दिवस ऐकून घेते, हे तुम्हाला सांगायला नको.

सेक्रेटरींनी त्याच दिवशी दुरुस्तीची नोंद घातली. त्यांनाही वाईट वाटले. रात्री मी सरांना सगळे सांगितले आणि माझी खूण चुकली हेही सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बेरीज जुळते तेव्हा आपले अर्धे काम झालेले असते. राहिलेले अर्धे लोकांच्या घरी असते."

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. माझ्या एका बरोबरच्या खुणेखाली कुणाचा तरी घामाचा पैसा दडपला जाणार होता, हा विचार डोक्यातून जाईना. पावत्यांचे गठ्ठे त्यानंतर मला कधी हलके वाटले नाहीत.

घरच्या डब्याचा हिशेब

पुढच्या सुट्टीत घरी आले ती थेट पत्र्याच्या डब्याकडे गेले. आबा म्हणाले, "त्यात काय बघायचं? जुना कागूद हाय." आम्ही बापलेकींनी दोन रात्री बसून सारे कागद वर्षांप्रमाणे लावले. खतांची उधारी, दूधबिले, पाणीपट्टी, ऊसबिले. आमच्या कागदांत चूक निघाली नाही. पण म्हशींच्या पेंडीवर वर्षाला किती जाते, हा आकडा आबांनी आयुष्यात प्रथमच बघितला आणि ते बराच वेळ गप्प बसले.

तेव्हापासून ऊसबिल आले की आम्ही ते बसून वाचतो. तुम्हीही वाचा, फार अवघड नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता. उतारा त्यापुढे जेवढा वाढेल, तेवढा प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. समजा, उतारा १२.२५ धरला. म्हणजे दोन टक्के जादा, म्हणजे ०.१ चे वीस टप्पे. वीस गुणिले ३.४६ म्हणजे ६९ रुपये २० पैसे. ते ३५५ मध्ये मिळवा. क्विंटलला ४२४ रुपये २० पैसे, म्हणजे टनाला ४,२४२ रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. एवढा हिशेब सातवीतला पोरगाही करील. त्याला करायला लावा.

मुलांना या वाटेला घालावे का?

मी होय किंवा नाही सांगणार नाही. तुमच्या घरचे तुम्ही जाणता. पण आधी माहीत असायला हव्यात अशा चार गोष्टी सांगते.

पहिली, पैशाची. पदवी आणि उमेदवारी मिळून चार-पाच वर्षे घरात कमाई येणार नाही, थोडी जाईलच. बारावीनंतर लगेच घराला हातभार लागेल या आशेने मुलाला इथे घालू नका. मागून त्याला बोल लावण्यापेक्षा हे आधीच घरात बसून बोलावे.

दुसरी, अपयशाची. पहिल्या झटक्यात सगळे सुटते असे थोड्यांचेच होते. एकदा नापास झाल्याबरोबर मुलगा परत आणला किंवा मुलीचे लग्न उरकले, तर मागची वर्षे फुकट जातात. किती वेळा प्रयत्न करायचा हे आधी ठरवावे आणि तेवढे मात्र करू द्यावे.

तिसरी, ऑफिस निवडण्याची. मोठ्या नावापेक्षा तिथे काम कसले मिळते ते विचारा. नुसती विवरणपत्रे भरून घेणाऱ्या ऑफिसात दोन वर्षे गेली, तर हात एकाच कामाला बसतो. जिथे संस्थांची तपासणी, कर, जीएसटी असे सगळे हाताखालून जाते, तिथे विद्यावेतन थोडे कमी असले तरी चालेल.

चौथी, दुसऱ्या वाटांची. सनदी लेखापाल झाला नाही म्हणजे सगळे संपले असे नाही. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा देता येते. तिच्यात हिशेब, तपासणी, सहकाराचा कायदा असे आपल्याच भागातल्या संस्थांना लागणारे विषय आहेत. गावागावांत दूध संस्था, सोसायट्या, पतसंस्था असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे ज्ञान वाया जात नाही.

सभासदांनी एवढे करावे

जाता जाता तुम्हा सर्वांना सांगणे एवढेच. सोसायटीत पैसे भरताना आणि पावती घेताना नावाबरोबर आपला सभासद क्रमांक आहे का ते बघा. एकाच नावाची दोन माणसे प्रत्येक गावात असतात. ऊसबिल, दूधबिल आणि पासबुक एका पिशवीत ठेवा, आणि कोणते कागद कुठे आहेत ते घरातल्या बाईमाणसालाही माहीत असू द्या. मार्च संपला की आपल्या खात्याचा उतारा मागा आणि पासबुकाशी ताडा. जूनची वाट बघू नका.

कोणी "पुस्तके तुम्हाला कशाला?" म्हणाले, तर नम्रपणे सांगा की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे आपल्या व्यवहाराच्या नोंदी, संस्थेचा तपासलेला ताळेबंद आणि सभांची इतिवृत्ते ऑफिसच्या वेळेत विनामूल्य बघण्याचा सभासदाला हक्क आहे. भांडायची गरज नाही. बहुतेक सेक्रेटरी पुस्तक उघडून दाखवतात, विचारणारेच कोणी नसते. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा होते. त्या दिवशी नुसते हात वर करून घरी येऊ नका. आपल्या घरची शिकलेली पोर बरोबर न्या आणि अहवाल तिच्याकडून वाचून घ्या.

आमच्या घरी आता पत्र्याच्या डब्याशेजारी एक वही असते. आबा रोज रात्री त्यात दोन ओळी लिहितात, दूध किती गेले आणि पैसे किती गेले. अक्षर वाकडे आहे, बेरीज मात्र बरोबर असते. मी घरी गेले की ते वही पुढे करतात आणि म्हणतात, "तपास." मी तपासते. आणि पेटीतले पैसे मोजूनच खाली खूण करते.